बहात्तरचं वजन

गुस्ती विमान चालवत नाही, पण विमानातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. ही गोष्ट अलास्कातल्या अख्ख्या नुशागाक नदीला माहीत आहे, कारण गुस्तीनेच ती अख्ख्या नदीला सांगितलेली आहे. काकलिक गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची गाडी आणि बारा महिने विमान. अशा गावात पंचेचाळीस वर्षं काढलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो, कोणतं विमान येतंय, चालवतोय कोण, आणि सकाळी त्याचं बायकोशी वाजलंय का. यातलं तिसरं गुस्ती आपल्या मनाने ठोकून देतो, पण तेही बरेचदा खरं निघतं.

शाळा त्याने आठवीत सोडली. त्याचं त्याला काही वाटत नाही. साल्मनच्या हंगामात जाळं कुठे टाकायचं हे कुठल्या शाळेत शिकवतात, दाखवा म्हणतो. पण धाकटी बहीण नास्तास्या, म्हणजे नास्त्या, विमान चालवायला शिकली, पैसे घेऊन माल वाहायचं लायसन्स मिळवणारी गावातली पहिली ठरली, तेव्हा या गड्याने ते लायसन्स खिशात घालून घरोघरी नेलं. तिचं लायसन्स, याच्या खिशात! तीन दिवस ती मागत होती, हा देत नव्हता.

बहिणीला तो 'आजी' म्हणतो. आजी गेली त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हणून नाव आजीचं. नाव आलं म्हणजे माणूस परत आलं, असं आपल्याकडे धरतात. त्यामुळे या दोघांची सदुसष्ट वर्षांची म्हातारी आई सव्वीस वर्षांच्या पोटच्या पोरीला 'आई, जेवलीस का?' म्हणून हाक मारते, आणि तिच्या पानात माशाचं डोकं पहिलं वाढते.

नास्त्याला फेअरबँक्सच्या एका कंपनीने बोलावलं होतं. पगार दांडगा, विमानं मोठी. उत्तर एक ऑक्टोबरपर्यंत द्यायचं होतं. गुस्तीला ते मान्य नव्हतं. फेअरबँक्सला गेलेली पोरगी परत येते का? तिथे लग्न करते, घर घेते, आणि नाताळला कार्ड पाठवते. गुस्तीने मग डोकं चालवलं. गावची शाळा आणि दवाखाना यांना डिलिंगहॅमहून सामान आणणारं कुणीतरी कायमचं हवंच होतं. ते काम नास्त्याला मिळत होतं. अट एकच, एका खेपेला पाचशे पौंड माल आला पाहिजे. म्हणजे हवं होतं ते एक विमान. एका इंजिनाचं, लहान, जुनं चालेल, पण पाचशे पौंड उचलणारं.

"विमान मी शोधतो," गुस्ती म्हणाला. "तू फक्त बसायचं."

"दादा, मिळून शोधू," नास्त्या म्हणाली.

"मिळून कशाला? तू मार्केटातली नाहीस."

"तू आहेस?"

"मी होड्या विकत घेतल्यात अकरा!"

ही गोष्ट मार्चमधली. तीन उन्हाळ्यांची मासेमारी आणि नास्त्याची बचत मिळून बऱ्यापैकी रक्कम होती. पैशाची अडचण नव्हतीच. अडचण होती विमानांची आणि ती विकणाऱ्यांची.

पहिलं पाहिलं डिलिंगहॅमला. चार माणसांचं, पाण्यावर उतरणारं, पायांना होड्या लावलेलं. रंग असा की बघत राहावं. मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "समुद्राच्या पाण्यात एक दिवससुद्धा गेलं नाही. फक्त तळ्यात."

गुस्ती खाली वाकला. गुडघ्यावर बसला, आतल्या जमिनीची फळी उचलली, कोपऱ्यात बोट घातलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. ती त्याने जिभेवर टेकवली.

"तुमचं तळं खारट आहे," तो म्हणाला, आणि उठून चालायला लागला.

ही हकीकत त्याने पुढे महिनाभर सांगितली. सांगण्यासारखी होतीच. पण महिना गेला आणि हाताला विमान काही लागलं नाही.

दुसरं विमान मालकाने स्वतः गावात आणून दाखवलं. दोनच जागा, एकापुढे एक. मोठाले फुगीर टायर. नदीकाठच्या वाळूवर असं उतरलं की जणू कुणी पांघरूण टाकलं. सगळं गाव बघायला आलं. गुस्तीची छाती फुगली.

"आजी, हे घे!"

नास्त्याच्या हातात रेघांची वही होती. प्रत्येक विमानाला एक पान, त्यात रकाने. तिने विचारलं, "मागच्या जागेत आई चढेल?"

"न चढायला काय झालं!"

म्हातारीला बोलावलं. तिने एक पाय आत घातला, दांडी धरली, आणि तशीच अडकली. ना आत, ना बाहेर. दोन पुतण्यांनी मागून ढकललं, गुस्तीने पुढून ओढलं.

"सोडा रे मला!" म्हातारी ओरडली. "मेल्यावर न्या यातून. तेव्हा मी बोलायची नाही."

गाव हसलं. गुस्तीला ते लागलं. शिवाय माल जेमतेम दोनशे पौंड. तो मालकावरच भडकला, "म्हातारी माणसं बसत नाहीत ते कसलं विमान? खेळणं आहे हे!" मालक बिचारा चहासुद्धा न पिता उडाला.

तिसऱ्याचा मालक फोनवर म्हणाला, इंजिन नवंकोरं. नास्त्याने विचारलं, नवं म्हणजे किती तासांचं? इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर कळलं, चौदाशे तास.

"मग नवं कसं?"

"बसवलं तेव्हा नवं होतं," तो म्हणाला.

गुस्तीने फोन तिच्या हातातून घेतला आणि त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथं खरं तर कागदावर सगळ्यांत चांगलं. माल उचलणारं, इंजिन ठीक, कागदपत्रं चोख, विकणारी एक शाळामास्तरीण, अगदी सरळ बाई. पण पुढे नाकाखाली चाक. नास्त्याला ते आवडलं होतं. गुस्तीने तिला हाताला धरून गावच्या धावपट्टीवर नेलं. मे महिना होता, चिखल घोट्याएवढा आणि त्यात मुठीएवढे दगड.

"इथे ते नाकाचं चाक रुतलं तर?"

नास्त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. परत आली तेव्हा तिचे बूट दोन-दोन किलोचे झाले होते.

"पंखा जमिनीला लागेल," ती म्हणाली.

"मग? कुणाला कळतं विमानातलं?"

"तुला कळतं, दादा."

पण ती हे इतकं दमून म्हणाली की त्याला त्याचा आनंदच होईना. तिने वहीत त्या पानावर आडवी रेघ मारली. गुस्तीचा स्वतःचा हिशेब चर्चच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला होता. त्यात दोनच रकाने, 'विमान' आणि 'माणूस'. 'माणूस'च्या खाली जवळजवळ सगळीकडे 'खोटारडा' लिहिलेलं. शाळामास्तरणीपुढे 'चांगली' लिहून पुढे 'पण चाक' असं लिहिलं होतं.

जूनमध्ये मासे आले. मासे आले की विमान नाही, झोप नाही, काही नाही. जाळं ओढताना, मासे चिरताना, धुरीच्या खोलीत टांगताना गुस्तीच्या डोक्यात एकच, कोणतं घ्यावं? जास्त उचलतं ते जास्त पितं. कमी पितं ते उचलत नाही. छोट्या जागेत उतरतं त्यात म्हातारी बसत नाही. म्हातारी बसते त्याला धावपट्टी पुरत नाही. सगळं जमतं ते विकायला निघत नाही, कारण ज्याच्याकडे आहे तो मेला तरी सोडत नाही, त्याचा मुलगा उडवतो. ऑगस्टमध्ये आणखी तीन पाहिली. एकाच्या दुरुस्तीच्या नोंदवह्या आगीत जळालेल्या. एकाचा पंख कधीतरी झाडाला भिडलेला, वर पत्र्याचं ठिगळ. एक, ही दोघं अँकरेजला पोचेपर्यंत विकलं गेलं. सकाळी फोनवर 'या, या' म्हणणारा माणूस दुपारी 'काल रात्रीच गेलं हो' म्हणतो, याला काय म्हणावं?

"दादा, चिडून विमान मिळत नाही," नास्त्या म्हणाली.

"न चिडता तरी कुठे मिळतंय!"

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी पामेर गावची एक जाहिरात चिकटवली. चार जागा, मागे शेपटीखाली छोटं चाक, पुढे नाही. गुस्तीने शेपटीवरचा नंबर वाचला आणि तिथेच उभा राहिला. शेवटचे आकडे बहात्तर.

आपल्याकडे विमानाला कुणी कंपनीच्या नावाने ओळखत नाही. शेपटीवरचे शेवटचे आकडे हेच त्याचं नाव. आणि बहात्तर म्हणजे दर मंगळवारी टपाल घेऊन येणारं विमान. गुस्ती पोरगा असताना त्यातून संत्री यायची. आजी शेवटची डिलिंगहॅमच्या दवाखान्यात गेली ती बहात्तरमधून, आणि दोन महिन्यांनी टोपीत गुंडाळलेली नास्त्या घरी आली तीही बहात्तरमधून. मग टपालाचा वैमानिक म्हातारा झाला, त्याने ते विकलं, आणि पंचवीस वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

गुस्तीने तिथल्या तिथे फोन लावला. मालकाचं नाव हॅलवर.

"इंजिन सुरू करा आणि फोन त्याच्यासमोर धरा."

"आत्ता?"

"मग कधी?"

हॅलवर बाहेर गेला, इंजिन सुरू केलं. गुस्तीने फोन कानाला दाबून धरला, डोळे मिटले. दुकानातली सगळी माणसं भोवती गोळा झाली.

"तोच आवाज," तो म्हणाला. डोळे उघडले तेव्हा ओले होते. "हजारात ओळखेन. तेच आहे."

कागदावर वजनही जमत होतं. विमान भरून जास्तीत जास्त अठ्ठावीसशे पौंड. रिकामं सोळाशे नव्वद, म्हणजे भरायला अकराशे दहा. त्यातून जाऊन-येऊनचं इंधन, नास्त्या, हिवाळ्यात वाटेत अडकलं तर लागणारं तंबू-बंदुकीचं सामान काढलं तरी पाचशे सत्तर उरत होते. नास्त्याने वहीत मांडून पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

"जाऊन बघू या," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? घ्यायचं!"

ती दोघं पामेरला पोचली तेव्हा नास्त्या अजून भाड्याची गाडी लावतच होती. तेवढ्यात गुस्तीने विमानाभोवती एक फेरी मारली, शेपटीवर हात फिरवला, आणि हॅलवरच्या हातात हात दिला. नास्त्याने ते काचेतून पाहिलं. हातात हात दिला म्हणजे सौदा झाला. इथे त्यापुढे कागद लागत नाही. ती गाडीतून उतरली आणि सरळ हॅलवरकडे गेली.

"नोंदवह्या बघू का?" तिने हॅलवरला विचारलं.

"बघ की, पोरी. आहेत तेवढ्या बघ."

हॅलवरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने सात वह्या मांडल्या. हॅलवरने कॉफी आणि मूस हरणाच्या मांसाचा रस्सा पुढे ठेवला. गुस्तीने दोन वाट्या खाल्ल्या आणि त्याला टपालाच्या गोष्टी सांगितल्या. नास्त्याने रश्शाला हातही लावला नाही. दोन तासांनी तिने वर पाहिलं.

"दादा, याचे पंख कोडियाकच्या एका विमानाचे आहेत."

"म्हणजे?"

"मूळचे मोडले. हे दुसऱ्याचे बसवले. धड तिसऱ्याचं. तेही मोडलं होतं, मग बसवलं. शेपटी नवी. आणि इंजिन नऊ वर्षांपूर्वी बदललंय."

"पण मी आवाज ऐकला!"

"नऊ वर्षांपूर्वी, दादा. तू ऐकलास तो आवाज कुठला?"

गुस्तीने हॅलवरकडे पाहिलं. हॅलवर शांतपणे म्हणाला, "सगळं लिहिलंय त्यात. मी काही लपवलं नाही. मोडतं, आपण दुरुस्त करतो. या भागातली निम्मी विमानं अशीच आहेत."

"मग जुनं काय राहिलं?" गुस्तीने विचारलं.

"नंबराची पट्टी," नास्त्या म्हणाली. "दारापाशी ठोकलेली, एवढीशी. ती मूळची आहे."

गुस्तीने वाटी खाली ठेवली. त्याला हायसं वाटलं.

"मग झालं की! नाव तेच आहे ना? नाव तेच, म्हणजे तेच. तुला आम्ही काय म्हणतो? तू आजी नाहीस का?"

"आहे."

"मग?"

नास्त्याने वही मिटली. मग म्हणाली, "आजीचं नाव दिलंत, माशाचं डोकं दिलंत, सगळं दिलंत. पण आजीला कातडी शिवता यायची ती मला आपोआप आली का? बारा वर्षं बोटं टोचून घेतली तेव्हा आली. आणि आजी हडकुळी होती. माझं वजन तिच्याएवढं आहे का?"

"वजनाचा काय संबंध?"

"वजनाचाच संबंध आहे. ते सोळाशे नव्वद जुन्या पंखांचं, जुन्या धडाचं आहे. नंतर कुणी तोललंच नाही. सगळ्यांनी मागच्या वहीतला आकडा पुढच्या वहीत उतरवला."

हॅलवर डोकं खाजवत म्हणाला, "मी पण उतरवला. मला काय, दोन पोरं आणि एक मूस घालून उडवायचो. उडत होतं."

"तोलू या?" नास्त्याने विचारलं.

"हात दिलाय मी!" गुस्ती ओरडला.

"हात तू दिलास. बसणार मी आहे."

हॅलवरने शेजारच्या गॅरेजमधून तीन वजनकाटे आणले. एकेका चाकाखाली एकेक. टाकीतलं इंधन मोजून वजा केलं. नास्त्याने तिन्ही आकडे मोठ्याने वाचले, हॅलवरने बेरीज केली, मग नास्त्याने पुन्हा केली. गुस्तीने तिसऱ्यांदा करायला लावली, कारण दोघांचं चुकलं असणार.

अठराशे ऐंशी.

एकशे नव्वद पौंड जास्त. रंगावर रंग, ठिगळावर ठिगळ, कुणीतरी जाड केलेली जमीन, कुणीतरी घातलेलं वरचं लोखंड. पाचशे सत्तरचे राहिले तीनशे ऐंशी.

"शाळेला पाचशे हवेत," नास्त्या म्हणाली.

"दोन खेपा कर."

"मग इंधनातच सगळं जाईल."

"तंबू कमी ने."

"हिवाळ्यात? दादा!"

"मग थोडं जास्त भर! कोण बघतंय? हॅलवर मूस घालून उडत नव्हता?"

हे बोलला आणि त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. आपल्या बहिणीला, आपल्या आजीला, आपण जास्त भरून उडायला सांगतोय. तो वळला आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेला. येताना वाटेतला एक दगड त्याने बुटाने असा उडवला की पत्र्याच्या शेडवर जाऊन आपटला. आत कुत्रं भुंकायला लागलं. सात महिने! सात महिन्यांत आठ विमानं पाहिली, आणि आपलं म्हणावं असं एकच सापडलं तर ते आपलं नाही.

परत आल्यावर तो हॅलवरसमोर उभा राहिला.

"हात दिला तो मी. परत घेतोय तोही मीच. हिने सांगितलं म्हणून नाही."

"नाही, नाही," हॅलवर म्हणाला. "ते मला दिसतंय."

"आजवर मी दिलेला हात परत घेतलेला नाही. विचारा कुणालाही."

"विचारायची गरज नाही. मीच कागदावरचा आकडा काढून टाकतो आता. खरा लिहितो." हॅलवरने त्याच्या खांद्यावर थोपटलं, ते गुस्तीला अजिबात आवडलं नाही.

गाडीत बसल्यावर नास्त्याने फोन काढला. तारीख एकोणतीस सप्टेंबर.

"दोन दिवस आहेत अजून," गुस्ती म्हणाला. "होमर गावी एक आहे म्हणतात. पिवळं."

"दोन दिवसांत पिवळं बघायचं, तोलायचं, घ्यायचं?"

"मी एका दिवसात घेतो!"

"ते पाहिलं आज."

तिने फेअरबँक्सला फोन केला. हो म्हणाली, पण नदीवरचा बर्फ फुटेपर्यंतच. मेपर्यंत. पलीकडच्या माणसाला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, कारण तिने तेच दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा कडक आवाजात. गुस्ती खिडकीबाहेर बघत बसला. मेपर्यंत म्हणतात सगळे. कुठला मे ते कुणी सांगत नाही.

"मेपर्यंत विमान मिळालं तर येईन," फोन ठेवून ती म्हणाली. "पाचशे उचलणारं. तोललेलं."

"आणि नाही मिळालं तर?"

तिने गाडी सुरू केली. अँकरेजला त्याला डिलिंगहॅमच्या विमानात बसवलं आणि स्वतः फेअरबँक्सच्या विमानात चढली.

डिलिंगहॅमला उतरल्यावर गुस्तीने घरी फोन लावला. म्हातारीने पहिलाच प्रश्न विचारला, "आई येतेय का माझी?"

"मेमध्ये," गुस्ती म्हणाला. "बर्फ फुटल्यावर."

"विमान घेतलं ना?"

"विमानं सगळी भिकार आहेत, आई. माणसं त्याहून भिकार." मग म्हणाला, "एक म्हातारा बरा होता."

संध्याकाळच्या टपालाच्या विमानात त्याला पुढची, वैमानिकाच्या शेजारची जागा मिळाली. मागे कोंबड्यांच्या खाद्याची पोती, डायपरचे खोके आणि वरच्या गावची एक बाई. वैमानिक कोवळा होता, याच वर्षी आलेला. त्याने इंजिन सुरू केलं, पण गुस्तीने पट्टा बांधला नाही. आधी पोत्यांकडे पाहिलं, मग दारापाशी ठोकलेल्या नंबराच्या पट्टीकडे पाहिलं, मग पोराकडे.

"हे विमान शेवटचं कधी तोललंय?"

"काय?"

"तोललंय का? काट्यावर. चाकाखाली काटे ठेवून."

"काका, कागदावर आहे सगळं."

"कागदावर असतंच. मी विचारतोय, तोललंय का."

मागून ती बाई म्हणाली, "गुस्ती, बस की गप! मुलं वाट बघतायत घरी."

"तुझी मुलं वाट बघतायत म्हणूनच विचारतोय ना!" गुस्ती मागे वळून ओरडला. मग पोराकडे वळला. "कागद काढ. मी बघतो. विमानातलं मला कळतं."

पोराने घड्याळ पाहिलं. मग जागेखालून फाटकी फाईल काढून त्याच्या मांडीवर टाकली आणि इंजिन बंद केलं.